जुना रंधा विकत घेताना
जुन्या लोखंडी रंध्यावरचा गंज पाहून कुणी घाबरू नये. घाबरायचे ते तडा पाहून. लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराची पेटंटे स्टॅनले कंपनीने 1869 मध्ये घेतली आणि पाते पुढेमागे करायचे पितळी चाक असलेला त्याचा रंधा जगभर गेला. आजचे बहुतेक नवे लोखंडी रंधेही त्याच आराखड्याचे. पात्याच्या बैठकीमागे 1902 आणि 1910 च्या पेटंटच्या तारखा ओतलेल्या दिसल्या, तर तो 1910 नंतरचा समजावा. गंज व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून निघतो. मग तळ. जाड सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तो घासायचा. पाते आत ओढलेले, पण नेहमीइतकेच आवळलेले हवे, कारण त्या ताणाने तळ किंचित वाकतो. आरशासारखी चकाकी निव्वळ हौस. पुढचे टोक, तोंडाची कड आणि मागची टाच एका पातळीत आली की पुरे. खरी करामत पात्यावर बसणाऱ्या दुसऱ्या पट्टीची. ती धारेपासून पाव मिलिमीटरच्या आत आणली, की सालपट लाकूड उचकटण्याआधीच मोडते आणि उलट्या रेषांचे सागवानही गुळगुळीत निघते. (तोंडाची फट बारीक करत बसणाऱ्यांनी आधी हे करून पाहावे.) अर्थात पाते बोथट असेल तर यातले काहीच उपयोगी पडत नाही. तेव्हा पैसे खर्चायचेच असतील, तर दुसऱ्या रंध्याऐवजी धार लावायच्या चांगल्या दगडावर खर्च करा.