चहा नको, पाणी द्या

एप्रिलमध्ये आम्ही जयंतीच्या कामासाठी घरोघर फिरतो. बसले की चहा येतोच. सोबत बिस्किटे, फरसाण, एखाद्या घरी खीर. आमच्यातल्या तिघांना मधुमेह आहे, डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. तरी चार घरे झाली की चार कप पोटात गेलेले असतात. कपाला दोन चमचे धरले तरी साखर आठ चमचे झाली. जागतिक आरोग्य संघटना तर धडधाकट माणसालाही दिवसभरात साधारण सहा चमच्यांच्या आत राहायला सुचवते.

मग आम्ही 'नको' का म्हणत नाही? कारण आपल्या समाजात 'नको' हा साधा शब्द नाही. आपल्या आजोबांच्या घरचा चहा नाकारणारे लोक होते, आणि ते काही पोट भरले म्हणून नाकारत नव्हते. 'आत्ताच घेऊन आलो' म्हणत दारातूनच परतणारे आजही भेटतात. ज्या समाजाला १९२७ साली पाण्याच्या हक्कासाठी चवदार तळ्यावर जावे लागले, त्याला पुढे केलेला कप परत आला की लागते. म्हणून आम्ही मुकाट्याने पितो. संकोच खरा आहे, पण त्याची किंमत डोळे, पाय आणि मूत्रपिंडे मोजतात.

आमचे मत असे, की नकार द्यावा, पण घरात बसून द्यावा. आल्याबरोबर स्वतःहून पाणी मागावे आणि सर्वांसमोर प्यावे. एवढ्याने यजमानांच्या मनातली शंका जाते. मग सरळ सांगावे, "मावशी, मला शुगर आहे, चहा नको. पण बसतो अर्धा तास." पोट बिघडल्याची सबब सांगू नये, चौथे शील इथेही लागू आहे. शिवाय सबब दर वेळी नवी शोधावी लागते. खरे एकदा सांगितले की पुढच्या खेपेला त्या घरात बिनसाखरेचा चहा होतो.

यजमानांनीही 'एका कपाने काय होते?' असा आग्रह धरू नये. कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला, ही कथा संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी त्याला मोजून जेवायला सांगितले. राजाने एका तरुणाला जेवणाच्या वेळी त्या उपदेशाची आठवण करून देण्याचे काम दिले आणि आहार हळूहळू कमी केला. राजालाही आठवण देणारा माणूस लागला! आपल्या पाहुण्यासाठी ते काम आपण करावे. चकलीऐवजी काकडी किंवा मूठभर शेंगदाणे ठेवावेत.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला अचानक घाम फुटला, हात थरथरले, तर साखर कमी झालेली असू शकते. तो शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना कळवा.

यंदा आम्ही दारात आलो, तर तांब्या आधी पुढे करा. तो आम्ही रिकामा करू.