एक मिलिमीटर की सहा?

मंडळी, "कृत्रिम सूर्याचा नवा विक्रम" असा मथळा मीसुद्धा दोन-तीनदा दिलाय. इतके कोटी अंश, इतके सेकंद, झाली बातमी! आज कबूल करतो, मुद्द्याची गोष्ट त्यात राहूनच गेली.

फ्रान्समध्ये कादाराशला ईटर ही फ्यूजनची महाकाय भट्टी उभी राहतेय. तिच्या पोटातला प्लाझ्मा 15 कोटी अंशांपर्यंत तापवायचा आहे. तो भिंतीला लागू नये म्हणून चुंबकांनी अधांतरी धरून ठेवायचा. पण काठावर तो स्वस्थ बसत नाही. पुराच्या पाण्यात उठावेत तसे भोवरे उठतात, उष्णता बाहेर निसटते आणि पातळ झोतासारखी तळाच्या टंगस्टनवर येऊन पडते.

हा झोत जाड किती, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. आजच्या लहान यंत्रांवरच्या मोजमापांवरून हिशेब केला तर ईटरसाठी उत्तर येतं जेमतेम 1 मिलिमीटर. 2017 मध्ये प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी काठावरची खळबळ महासंगणकावर मांडली, तेव्हा आलं सुमारे 6! एकच खरं ठरलं तर धातू वाचवायला मोठी कसरत. सहा असेल तर ती खळबळच उष्णता पसरवून आपल्याला तारून नेणार.

तुम्ही म्हणाल, इथं लाईट जातेय आणि हे काय घेऊन बसलात? बरोबर आहे. ईटरमधून तुमच्या घरात वीज येणारच नाही, ते प्रयोगाचं यंत्र आहे. तिथलं संशोधन सुरू व्हायलाच 2034 उजाडेल. पण बांधकामात आपला वाटा सुमारे 9 टक्के आहे. म्हणजे पैसा तुमचा-माझाच.

त्याचं अवाढव्य क्रायोस्टॅट आपल्या हजीऱ्यात बनलं, याचा अभिमान आहेच. पण गांधीनगरच्या 'आदित्य' यंत्रावर आपल्या लोकांनी काठावरची ही खळबळ मोजली, ती सलग नसून झटक्याझटक्यानं येते हे 1992 मध्येच जगापुढे मांडलं. हे किती जणांना माहीत आहे?

माझं म्हणणं एवढंच, पोलादाबरोबर हिशेबालाही पैसा द्या. मोजणारी, गणित मांडणारी पोरं टिकली पाहिजेत, त्यांची फेलोशिप वेळेवर मिळाली पाहिजे. नाहीतर भट्टीत वाटा आपला आणि अक्कल उसनी!

पुढच्या वेळी मी विक्रमाचा मथळा टाकला, तर खाली कमेंटमध्ये बिनधास्त विचारा : "साहेब, काठावर काय चाललंय?"