हवा मोकळी, कार्ड बंद

'लॅपटॉपचं वायफाय फार रडतं, काय करू?' हा प्रश्न हापिसात जेवणाच्या टेबलावर टाकून बघा. दहातले आठ जण तोंडातला घास गिळायच्या आधीच म्हणतील, 'नवीन घे ना यार, किती वर्षं झाली त्याला?' उरलेले दोघं ईएमआय किती बसेल ते सांगतील. आणि ही मंडळी कोण, तर दिवसभर कोडमधला एक तुकडा काढून तिथे दुसरा बसवून पोट भरणारी! मॉड्यूल, इंटरफेस, प्लग-इन असले शब्द आमच्या रेझ्युमेत ओळीगणिक सापडतील. घरच्या लॅपटॉपचं झाकण मात्र वर्षानुवर्षं उघडलं जात नाही.

तर आधी झाकण उघडू. वायफायचं कार्ड म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पट्टी. जुन्या मशिनात हाफ मिनी पीसीआय-एक्स्प्रेस, नंतरच्यांत एम-डॉट-टू, २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब. एक टोक खाचेत, दुसऱ्या टोकाला एखाद-दुसरा स्क्रू, वर अँटेनाच्या बारीक तारा दाबून बसवलेल्या. बॅटरी सुटी करा, स्क्रू काढा, तारा नखाने हलकेच उचला, नवं कार्ड बसवा. झालं. नव्या बनावटीचं चांगलं कार्डसुद्धा दोन हजाराच्या आसपास मिळतं. अख्ख्या लॅपटॉपला आपण पन्नास हजार मोजतो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा भाचा. तो भंडारा जिल्ह्यात लाखनीला राहतो आणि घरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. नोकरी नवी, प्रोबेशन चालू. केबलवाल्याने फायबर घरात आणून दिलंय, १०० एमबीपीएसचा प्लॅन, राउटरही ड्युअल बँड. तरी रोज सकाळच्या मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. टीम लीडने दोनदा विचारलं, 'गावाकडे नेट नाही का रे तुझ्या?' शेवटी मला फोन. 'मामाजी, दुकानवाला म्हणते का याच्यात आता काही होत नाही, नवाच घ्या.' नवा म्हणजे याचे तीन पगार.

नेट होतं हो! अडचण कार्डात होती. २०१४ सालचा लॅपटॉप, प्रोसेसर उत्तम, रॅम ८ जीबी, पण कंपनीने शंभर-दोनशे रुपये वाचवायला आत एका अँटेनाचं, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं कार्ड टाकलेलं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल इनमिन तीन : १, ६ आणि ११. घर बाजारपेठेत, आजूबाजूच्या प्रत्येक दुकानात राउटर. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर अशा कार्डाचा वेग कागदावर ७२ एमबीपीएस, हातात पडतो त्याच्या निम्मा. आणि खरी मेख पुढेच आहे. पोराच्या कानात ब्लूटूथचा हेडफोन. ब्लूटूथही २.४ वरच चालतं, त्याच कार्डावरून आणि त्याच एका अँटेनातून. म्हणजे एका नळावर दोन बादल्या. ही भरताना ती थांबणार, ती भरताना ही. मीटिंगमधला आवाज तुटायचा तो इथे.

उपाय सरळ होता. दोन अँटेनांचं ड्युअल बँड कार्ड घालायचं आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्यायचं. (राउटर त्याच खोलीत होता म्हणून. मातीच्या जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ फारसं जात नाही, तिथे हा इलाज लागू पडेल असं समजू नका.) अँटेनाच्या दोन्ही तारा आत होत्याच. इंटेल ७२६० हे कार्ड मागवलं, बसवलं, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक ओळ : हे नेटवर्क कार्ड चालणार नाही, काढा. पुढे मशीन सुरूच होईना.

लॅपटॉप कोणत्या कंपनीचा ते सोडा, रोग बऱ्याच जणांचा आहे. बायोसमध्ये एक यादी असते. मशीन सुरू होताना बायोस कार्डाचा ओळख क्रमांक वाचतो आणि यादीत नसेल तर दार लावून घेतो. जुन्या थिंकपॅडवरचा '१८०२' हा एरर किंवा एचपीच्या कित्येक मशिनांवरचा '१०४' हा एरर जुन्या खोडांना आठवत असेल.

आता गंमत बघा. सीताबर्डीवर एका जुन्या मालवाल्याकडून भाच्याने दुसरं कार्ड आणलं, सहाशे रुपयांत. तेही इंटेल ७२६०. तीच चिप, तेच रेडिओ, तेवढीच पॉवर. फरक एवढाच की त्यावर लॅपटॉप कंपनीचा पार्ट नंबर होता आणि आतल्या सबसिस्टम आयडीत चार आकडे वेगळे होते. हे कार्ड बायोसने मुकाट्याने घेतलं. वायफाय ५ वर गेलं, ब्लूटूथला २.४ मोकळं मिळालं, मीटिंगमधला आवाज सरळ झाला.

या यादीचं कंपन्यांकडून येणारं समर्थन मला पाठ आहे. म्हणे रेडिओ आणि अँटेना यांची जोडी मिळून सरकारी मान्यता घेतलेली असते, भलतंच कार्ड घातलं तर नियम मोडतो. ठीक आहे. मग तीच चिप त्याच अँटेनांवर कंपनीचा शिक्का असताना कायदेशीर आणि नसताना बेकायदेशीर कशी? आणि पुढच्या बऱ्याच मॉडेलांतून ही यादी गुपचूप काढून टाकली, तेव्हा तो नियम कुठे गेला होता? हा सुटे भाग आपल्याच दुकानातून विकायचा धंदा आहे, त्याला नियमाचं सोवळं नेसवलंय.

आपल्याकडे तर हे जास्तच झोंबायला हवं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली विनापरवाना झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधले तब्बल ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले, घरात आणि घराबाहेरही. मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी नियमांचा मसुदा निघाला. म्हणजे सरकारने एकदाची हवा मोकळी केली, आणि लाखनीतल्या पोराला ती वापरू द्यायची की नाही हे कुठल्यातरी बायोसमधली यादी ठरवणार!

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथे घागरीचा बूड गेला तर नवा बसवतात, अगदीच गेली तर मोडीत वजनाने पैसे येतात. उद्या एखादा म्हणाला की बूड माझ्याच दुकानातून घ्या, नाहीतर घागरीत पाणीच राहू देणार नाही, तर गिऱ्हाईक त्याचं काय करेल ते मी लिहीत नाही. :-)

'पण मशीन मुळात जुनं आहे, विंडोज ११ चालत नाही त्यावर' असं कोणीतरी म्हणणारच. बरोबर. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. भाच्याच्या मशिनावर लिनक्स आहे आणि या कार्डाचा ड्रायव्हर त्यात आयताच मिळतो. त्याचं काम ब्राउझरमध्ये चालतं, गाडी आरामात पळते. 'यूएसबी डोंगल लाव' म्हणणाऱ्यांना एकच सांगणं, ते बाहेर डोकावणारं कार्टं बॅगेत दोनदा आपटू द्या, मग बोलू.

आणि यादी गेली म्हणून हुरळून जाऊ नका. आता बऱ्याच पातळ लॅपटॉपांत कार्ड थेट बोर्डावर सोल्डर केलेलं असतं. स्क्रूच नाही, मग भांडण कशाशी करणार? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं. दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकावर मे २०२५ मध्ये समितीचा अहवाल आला, पण सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून. लॅपटॉप त्यात हवाच, आणि त्यात रॅम, डिस्क, बॅटरीबरोबर वायफाय कार्डाचाही रकाना हवा.

तोवर नवा लॅपटॉप घेताना त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. मोठ्या कंपन्यांची नेटवर फुकट मिळतात. त्यात वायरलेस कार्ड काढण्याचं पान आहे का बघा. पान नसेल तर दुकानदाराला सांगून तो लॅपटॉप नाकारा, आणि का नाकारला तेही चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने सांगा. जुनाच ठेवणार असाल तर एक सांगतो : एएक्स२०० आणि एएक्स२०१ दिसायला सारखी असली तरी २०१ फक्त ठराविक इंटेल चिपसेटवरच चालतं. मागवताना शेवटचा आकडा वाचा.