मासळीत पाखरांचाही वाटा

साप्ताहिक स्तंभ : पाणलोट
लिंबागणेश, जि. बीड

आमच्या लिंबागणेशपासून अरबी समुद्र जवळपास तीनशे किलोमीटर. बालाघाटाच्या या डोंगरात समुद्राचा वास येतो तो आठवडी बाजारात, सुकटवालीच्या पालापाशी. जवळा, बोंबील, वाकट्या. ऊसतोडीला निघालेली बाई पीठमिठासोबत सुकटीची पुडी बांधते, कारण फडावर ती महिनोन् महिने टिकते. समुद्राशी आपला संबंध तेवढाच, असं आपण धरून चालतो. पण संबंध त्याहून खोल आहे आणि तो बिघडत चालला आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं पृष्ठभागावरचं पाणी उन्हाळी महिन्यांत सुमारे १.२ अंश सेल्सिअसने तापलं. आकडा लहान वाटतो, परिणाम लहान नाही. वरचं पाणी तापून हलकं झालं की खालच्या गार, पोषक पाण्यात ते मिसळेनासं होतं. शेतात खत खाली खोल गाडून बी मात्र वर कोरड्यात पेरावं, तशी गत. उजेड वरच्या थरात, अन्न तळाशी; मग पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पती-प्लवक वाढणार कसे? याच गटाच्या २०१६ च्या अभ्यासात या भागातले प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं दिसलं.

प्लवकांवर तारली ही लहान मासळी जगते, तारलीवर मोठे मासे, डॉल्फिन आणि समुद्रपक्षी. १९८५ च्या आधी तारली मुख्यतः केरळ आणि दक्षिण कर्नाटकच्या पाण्यात मिळे. पाणी तापत गेलं तशी ती उत्तरेला, गोवा-महाराष्ट्राच्या बाजूला सरकली. उलट केरळात २०१२ मध्ये जवळपास चार लाख टन निघालेली तारली २०२१ मध्ये ३,२९७ टनांवर आली. या पडझडीत मासेमारीचाही हात आहे आणि बदललेल्या समुद्राचाही. कोकणातल्या कुणाला हा तारलीचा लाभ वाटेल, पण जी मासळी तापमानामागे आपल्याकडे आली, ती त्याच तापमानामागे पुढेही जाईल.

नौकावाला निदान दुसरं पाणी शोधतो. घरट्यात पिल्लं असलेला पक्षी काय करणार? सुरय हा मासे खाणारा पक्षी आपल्यालाही परका नाही. जायकवाडीच्या नाथसागरावर नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालतो आणि एकदम सूर मारतो. त्याचे समुद्रातले भाऊबंद वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर वीण करतात. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात या बेटांवरच्या सुरयांविषयी लिहिलं होतं. सुरयाची चोच पाहा : तिच्यात बहुधा एकच मासा आडवा धरलेला असतो. तो पिल्लाच्या घशातून उतरेल एवढाच लागतो आणि घरट्यापासून जवळ मिळावा लागतो. माशांचा थवा दहा कोस सरकला, तर आईबापांचा दिवस येण्याजाण्यातच सरतो आणि पिल्लू उपाशी राहतं.

याचं टोक अलास्काने पाहिलं. २०१४ ते २०१६ या काळात तिथला समुद्र असाधारण तापला, लहान मासळी आटली आणि कॉमन मर जातीचे सुमारे ४० लाख पक्षी मेले. तिथल्या संख्येच्या जवळजवळ निम्मे. वादळाने किंवा तेलगळतीने नव्हे, उपासमारीने.

‘माणसालाच पुरेना, तिथं पाखरांचं काय घेऊन बसलात?’ हा प्रश्न मला विचारला जातो आणि तो रास्त आहे. उत्तर विज्ञानाने दिलं आहे. जगातल्या सात सागरी परिसंस्था आणि १४ जातींचे पक्षी यांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये संशोधकांनी सांगितलं की लहान मासळी तिच्या कमाल साठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेली की पक्ष्यांची वीण कोसळू लागते. हा तिसरा हिस्सा समुद्रात राहिला, तर पुढच्या हंगामाचं बियाणंही राहतं. पाखरांचा वाटा सोडण्यातच नाखव्याचं हित आहे.

आणि आपलंही. याच अरबी समुद्राची वाफ आपल्याकडे पाऊस आणते. मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या व्यापक घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढल्या आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लहरीपणाशी आहे, असं कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये मांडलं. एकूण पाऊस कमी आणि पडला की एकदम, हे दुखणं मराठवाड्याला नवं सांगायला नको. हरितगृह वायूंमुळे साठणाऱ्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रच पोटात घेतो. त्या वायूंत आपल्याच जिल्ह्यातल्या परळीच्या वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशाचाही वाटा आहे.

म्हणून समुद्राचा प्रश्न कोकणच्या आमदारांवर सोडून चालणार नाही. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याची तपासणी प्रत्येक बंदरावर दिसली पाहिजे. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरची बंदी कागदावर राहता कामा नये. तारलीसारख्या मासळीचा कोटा ठरवताना पक्ष्यांचा हिस्सा आधी बाजूला काढावा. मासेमारीबंदीच्या काळात लहान नौकावाल्यांना हाताशी पैसा मिळावा, नाहीतर नियमाचा सगळा भार गरिबावर पडेल. बालाघाटावर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. शेतकऱ्याला जमिनीचा रास्त मोबदला देऊन त्या वाढाव्यात आणि त्या प्रमाणात कोळसा खरोखर कमी व्हावा. बीडच्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात दुष्काळाइतक्याच जोराने समुद्रावर बोलावं. त्यांना ते बोलायला लावणं आपलं, मतदारांचं काम आहे.