तहकूब सभांचा कारभार

ग्रामसभेस माणसे जमत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे. तिचे खापर मात्र नेहमी लोकांच्या उदासीनतेवर फोडले जाते. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. महाराष्ट्रात गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढेही न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधनच नाही! म्हणजे गैरहजेरीने निर्णय अडत नाही. तो मूठभरांच्या हाती जातो.

सभेला येणारा शेतमजूर दिवसाची मजुरी बुडवून येतो. आपल्यावाचून काही अडत नाही, हे कळल्यावर त्याने ती का बुडवावी? गडचिरोलीतील मेंढा-लेखा येथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. तेथे प्रत्येकाच्या उपस्थितीला मोल आहे. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबूविक्रीचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.

लोकांना उपदेश पुष्कळ झाला. तहकुबीची ही पळवाट बुजवून ठरावांना पैशाची व अधिकाराची जोड देणे, हा खरा उपाय होय. तोवर रिकाम्या सतरंजीचा दोष केवळ गावकऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.