सामन्याकडे पाठ करून उभी राहणारी पोरं हवी आहेत

आटपाडी तालुक्यातल्या तरुण पोरापोरींनो, शालेय स्पर्धांचा हंगाम तोंडावर आला आहे. 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांतली मुलं-मुली आता तालुक्याच्या मैदानावर येतील. दिघंची, खरसुंडी, करगणी, झरे, निंबवडे, शेटफळे, कुठून कुठून येतील, कुणी एस.टी.नं, कुणी वडापनं, कुणी सरांनी सांगून आणलेल्या पिकअपच्या हौद्यात उभं राहून. पंच आधी ठरतात. फक्कीची पोती येतात, ढाली येतात, मांडववाल्याला विसार जातो. मैदानाच्या कडेला कोण उभं राहणार, हे मात्र आदल्या संध्याकाळी ठरतं. हाताला लागतील त्या पोरांच्या छातीवर बिल्ला लागतो आणि एक शिट्टी गळ्यात पडते. त्यांनी काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

मी 26 वर्षं क्रीडाशिक्षक होतो. असे बिल्ले मी स्वतः लावलेत. म्हणून हे कळकळीनं मागतो आहे: यंदा बिल्ला लावण्याआधी काम समजून घ्या, आणि काम समजून घ्यायला आत्ताच या.

4 ऑक्टोबर 2019 ला केरळात पाला या गावी राज्य पातळीवरची ज्युनिअर मैदानी स्पर्धा चालू होती. भालाफेक आणि हातोडाफेक एकाच वेळी, एकाच मैदानात. पडलेले भाले गोळा करून आणायला शाळकरी स्वयंसेवक ठेवले होते. त्यातला एक 16 वर्षांचा मुलगा भाला उचलायला गेला आणि हातोडाफेकीचा लोखंडी गोळा त्याच्या डोक्यात बसला. दवाखान्यात तो दोन आठवड्यांहून जास्त झुंजला आणि गेला. तो ना खेळाडू होता, ना प्रेक्षक. तो तुमच्यासारखा मदतीला आलेला पोरगा होता.

ही गोष्ट मी आधी सांगतो, कारण स्वयंसेवकाची पहिली सुरक्षा म्हणजे त्याची स्वतःची. गोळा, थाळी, भाला यांच्या फेकीच्या पट्ट्यात 18 वर्षांखालच्या कुणालाही उभं करू नका. करायला सांगितलं तर सरांना, पंचांना, कुणालाही नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. दोन फेकी शेजारी-शेजारी एका वेळी चालू दिसल्या तर एक थांबवा अशी विनंती करा आणि थांबेपर्यंत बाजूला व्हा. फेकणाऱ्याकडे पाठ करून कधीही चालायचं नाही. भाला, थाळी उचलायची ती पंचांनी फेक थांबवून तशी खूण केल्यावरच, आणि परत आणायची चालत, हातात धरून. उलटी फेकून नाही. अर्धा तास वाचवायला दोन फेकी एकत्र उरकणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ती यंदा सुटायला हवी.

आता गर्दी. कबड्डीचा अंतिम सामना असला की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन गावांतला सामना असेल तर कापड दुकानातला पोरगाही शटर ओढून येतो. आधी माणसं बसलेली असतात, मग पुढची चार उभी राहतात, मग सगळं मैदान उभं राहतं. दोरी पुढं सरकत येते. शेवटी बाजूच्या रेषेवर माणसांचे पाय येतात आणि बाहेर फेकला गेलेला खेळाडू कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटतो.

अशा वेळी आपले स्वयंसेवक काय करतात? सामना बघतात. त्यांचा दोष नाही, तेही त्याच मातीतले. पण राखण करणाऱ्याचं तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ सामन्याकडे असायला हवी. चढाई कुणाची, गुण किती, हे त्याला आवाजावरून कळेल तेवढं पुरे. दर पंधरा-वीस पावलांवर एक जण असा उभा राहिला तर दोरी जागेवर राहते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एक प्रयोग आदल्या दिवशी करा. फक्कीनं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा आणि त्यात माणसं उभी करा. तीन-चार जण सैल उभे राहतात, खिशातून मोबाइल काढू शकतात. पाच झाले की खांदे लागतात. सहा-सात झाले की हात वर घेता येत नाही, आणि मागून रेटा आला तर पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. चेंगराचेंगरीत बहुतेक माणसं तुडवली जाऊन मरत नाहीत. छाती दाबली जाऊन, श्वास न घेता आल्यानं मरतात, पुष्कळदा उभ्या उभ्या. हा चौकोन एकदा अंगानं अनुभवला की गर्दीकडे बघायची नजर बदलते. फाटकापाशी पाचाची दाटी दिसली की तिथल्या तिथं मागची रांग थांबवायची आणि दुसरं फाटक उघडायचं.

25 जानेवारी 2005 ची मांढरदेवची यात्रा आपल्या भागात कोण विसरलं आहे? नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर. पुढं आग लागली. जवळपास तीनशे माणसं गेली. शाळेचं मैदान म्हणजे मांढरदेव नव्हे, मान्य. पण एकच फाटक, बक्षीस वाटप संपल्यावर एकदम उठलेली पोरं आणि त्याच वेळी त्याच फाटकातून आत येणारी गाडी, हे आपल्याकडे दर वर्षी होतं.

मी पाहिलेला प्रसंग याच फाटकातला आहे. गाव आणि शाळा सांगत नाही. खो-खो संपला होता, पोरी घोळक्यानं निघाल्या होत्या. मांडवाचं सामान न्यायला आलेला छोटा हत्ती मागं मागं येत होता. मागं बघायला माणूस नव्हता. एका पोरीची पाण्याची बाटली पडली, ती उचलायला ती वाकली. ड्रायव्हरला ती दिसणंच शक्य नव्हतं. एका आजीनं हातातली पिशवी टाकून पोरीचं दप्तर धरून तिला ओढली. चाकाखाली बाटली गेली. त्या बाटलीचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या वेळी फाटकावर नेमलेले दोन्ही स्वयंसेवक व्यासपीठापाशी फोटो काढत होते, आणि त्यांना नेमलं होतं मी.

म्हणून मुलं मैदानावर असेपर्यंत एकही चाक आत हलायला नको. सामानाची गाडी शेवटचं मूल गेल्यावर येईल. पाहुण्यांची गाडीही बाहेर थांबेल. पाहुण्यांना हे सांगायचं धाडस तुम्हाला होणार नाही, तर आधीच मुख्याध्यापकांकडून सांगून घ्या.

मोठा प्रेक्षागार आपल्याकडे नसतो. आपली गॅलरी म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, शाळेचा पत्रा, कंपाउंडची भिंत आणि लिंबाची फांदी. 22 मार्च 2021 ला तेलंगणात सूर्यापेटला ज्युनिअर राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेची तात्पुरती गॅलरी भरलेली असताना कोसळली आणि शंभरावर माणसं जखमी झाली. आपला पत्रा त्या गॅलरीपेक्षा मजबूत नाही. पोरं चढू लागली की पहिल्या पोराला उतरवा. दहा चढल्यावर कुणी ऐकत नाही.

उतरवायचं कसं, हेही महत्त्वाचं. हातात काठी नको. तुम्ही पोलीस नाही, होमगार्डही नाही, कुणाला ढकलायचा किंवा धरून ठेवायचा अधिकार तुम्हाला नाही. "दादा, जरा दोरीमागं बसता का, बारक्या पोरांना दिसंना झालंय," असं म्हटलं की आपल्या भागातला माणूस बसतो. "ए, मागं हो," म्हटलं की तोच माणूस छाती काढून पुढं येतो. आपल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानं उभी केलेली ती कैद्यांची वसाहत भिंतीवाचून चालली, आणि 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ'मागं तिचीच प्रेरणा होती. माणूस विश्वासानंही जागेवर राहतो हे ज्या मातीत करून दाखवलं गेलं, तिथं शाळेच्या मैदानावर दंडुका कशाला?

पंचांच्या निर्णयावरून वाद पेटला तर मध्ये पडू नका. कोण बरोबर हे बोलू नका, आपल्या गावची बाजू तर मुळीच घेऊ नका. खेळाडूंना त्यांच्या सरांसह खोलीत न्या आणि ज्या गावचा जमाव तापला आहे त्या गावच्या मानाच्या माणसाला पुढं घाला. हात उचलला गेला तर लगेच 112.

मुलींच्या बाबतीत थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं आपण सगळ्यात ढिले आहोत. कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह यांच्या वाटेवर मुलीच स्वयंसेवक हव्यात, त्याही दोघी दोघी. म्हणून पोरींनो, तुम्ही जास्त संख्येनं या. बिल्ला लावलेला कुणीही, कितीही ओळखीचा, एकट्या मुलाला किंवा मुलीला घेऊन आडबाजूला जाणार नाही. पाय मुरगळलेल्या पोरीला नेतानाही सोबत दुसरं कुणीतरी असेल. कोण कुणाचा व्हिडिओ काढतंय, वारंवार एकाच संघाच्या मागं कोण फिरतंय, याकडे लक्ष ठेवा आणि शिक्षिकांना सांगा. तुम्हीही मुलींचे फोटो स्टेटसला ठेवू नका. मूल चुकलं तर त्याचं नाव आणि कपड्यांचा रंग माइकवर पुकारू नका. ते ऐकून कुणीही न्यायला येऊ शकतं. शाळेचं नाव घेऊन तिथल्या सरांना बोलवा आणि मूल त्यांच्याच हाती द्या. "मी तिचा मामा" म्हणणाऱ्याच्या हाती नाही.

एखाद्या मुलानं काही वाईट घडल्याचं सांगितलं तर खोदून विचारू नका, चौकशी करू नका, चार मित्रांत बोलू नका. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. बालकांसाठीचा 1098 हा क्रमांक बिल्ल्याच्या मागं लिहून ठेवा.

उन्हाचं आणि पावसाचं तुम्हा माणदेशातल्या पोरांना कळतंच. घेरी आलेल्या मुलाला सावलीत न्या, अंगावर पाणी मारा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. 108 ला आधी फोन करा, कारण मोठं काही झालं तर मिरज दोन तासांवर आहे. परतीच्या पावसात ढग गडगडले की खेळ बंद, सगळे पक्क्या इमारतीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी मैदानात येणार नाही. झाडाखाली तर नाहीच. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये घ्या.

गणेश मंडळाची, तालमीची, एन.एस.एस.ची, एन.सी.सी.ची पोरं-पोरी, ज्यांनी यात्रेत, विसर्जनात रांगा लावल्यात, त्यांनी उद्याच जवळच्या हायस्कूलमध्ये जाऊन पी.टी.च्या सरांना किंवा बाईंना भेटावं. नाव द्या. सामन्याच्या दिवशी नाही, त्याच्या आठवडाभर आधी मैदान दाखवा म्हणा. किती फाटकं आहेत, दुसऱ्या फाटकाच्या कुलपाची किल्ली कुणाकडं असते, ते विचारा. आणि ती किल्ली एकदा कुलपाला लावून बघा. वर्षभर बंद असलेलं कुलूप गंजलेलं असतं, त्याला आत्ताच तेल घाला.