मावा मारा, पण आधी बियाणे निवडा

मा. कुलगुरू,
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली

महोदय,

भात कापून झाले की मालवण-कुडाळकडे उरल्या ओलीवर चवळी पेरली जाते आणि पुढे शेंड्यांवर, कोवळ्या शेंगांवर काळा मावा चढतो. मोठे किडे चकचकीत काळे, पिल्ले मळकट राखी, मधूनमधून पांढऱ्या कातींचा कचरा आणि गोड चिकट स्रावासाठी मुंग्यांची ये-जा. शेतकरी औषध विचारतो, दुकानदार बाटली देतो. पण मावा पीक दोन प्रकारे बुडवतो: रस शोषून आणि मोझॅकचा विषाणू पसरवून. पहिल्यावर फवारणी चालते, दुसऱ्यावर फारशी नाही. विद्यापीठाने चवळीच्या सल्ल्यात हा फरक ठळक करावा आणि विषाणूचा बंदोबस्त बियाण्यापासून सुरू करावा, एवढेच माझे म्हणणे.

मावा नव्या झाडावर उतरला की सोंड टोचून चव बघतो. या काही सेकंदांतच विषाणू सोंडेला लागतो किंवा झाडात उतरतो. औषधाने मावा मरतो, पण तोवर टोचून झालेले असते. शिवाय चवळीच्या मोझॅकचा विषाणू बियाण्यातूनही येतो. शिरांलगत गडद हिरवे पट्टे, सुरकुतलेली पाने असलेल्या झाडाच्या शेंगा बियाण्याला ठेवल्या, की पुढच्या हंगामात रोगट रोपे शेतातच उगवतात. माव्याकडे उरते फक्त वाहतूक. 2020 च्या पावसाळ्यात जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात माव्यानेच पसरणाऱ्या कुकुंबर मोझॅक विषाणूपायी शेतकऱ्यांना केळी उपटून टाकावी लागली. तिथेही बाधित झाड काढण्यावाचून इलाज नव्हता.

फवारणी थांबवली तर पीक जाईल, असा आक्षेप येईल. ती थांबवावी असे मी म्हणत नाही. शेंडे माव्याने झाकले असतील आणि मावा खाणारे ढालकिडे दिसत नसतील, तर फवारावेच. विकतचे बियाणे गरिबाला परवडेल का, हा दुसरा प्रश्न. घरचेच ठेवावे, पण फुलोऱ्याआधी निरोगी झाडांना खूण करून त्यांच्याच शेंगा वेगळ्या काढाव्यात. रोगट रोप लहानपणीच उपटावे. उशिरा झालेली लागण नजरेतून सुटते, हे खरे. म्हणूनच अधूनमधून तपासलेल्या बियाण्याची भर हवी.

तेव्हा येत्या रब्बीच्या पेरणीपूर्वी किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्राला सोबत घेऊन ‘कोकण सदाबहार’चे विषाणूसाठी तपासलेले बियाणे परसापुरत्या लहान पाकिटांत द्यावे आणि रोगट पानाचे चित्र पाकिटावरच छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक